मी रद्द केलेलं सकाळचं विमान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि ज्या बहिणीशी असं वागलो तिला तर नाहीच. त्या वर्षी भाऊबीजेला ज्या सकाळच्या विमानानं मी दिल्लीहून पुण्याला येणार होतो, ते विमान मीच रद्द केलं होतं. आणि तिकीट मी त्यानंतर काढलं होतं.

लिहून झाल्यावर क्रम पुन्हा तपासला. बरोबर आहे. आधी रद्द केलं, मग तिकीट काढलं.

मी एका विमान कंपनीत वेळापत्रकाचं काम करतो. कुठलं विमान कुठं, किती वाजता, आठवड्यातून किती वेळा, हे ठरवणाऱ्या विभागात. दसरा झाला की माझ्या टेबलावर सणातली यादी येते, म्हणजे दिवाळीच्या आठवड्यात कुठल्या फेऱ्या रद्द करायच्या त्याची. त्याच सुमाराला दिल्लीच्या हवेत धूर उतरतो. पंजाब-हरियाणात भात काढून झाल्यावर शेतातला पेंढा पेटवतात, त्याचा. इथली माणसं नाकाला फडकी लावून, डोळे चोळत त्या धुराला शिव्या देतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्या धुरात खाली कुठंतरी भाताचा वास असतो. उन्हात वाळत पडलेल्या पेंढ्याचा, गोडसर. बाकीच्यांना तो येत नाही. मला येतो, आणि आला की मी खिडकी लावून घेतो.

हा पेंढा जाळतात हे मी पहिल्यांदा दाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चहा खाली ठेवला होता. "पेंढा जाळत्यात? मग जनावरं काय खात्यात तिथली?"

"यंत्रानं कापतात दाजी. खाली उरतं ते गोळा करायला माणसं नाहीत."

"माणसं न्हाईत म्हून पेटवून द्यायचं," दाजी म्हणाले. "लई पुढं गेल्यात."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही भोरचे. वडील कचेरीत कारकून, घर गावात, शेताशी आमचा संबंध बाजारातल्या तांदळापुरता. अक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तिला दिली गुंजवण्याकडच्या एका वाडीत, राजगडाच्या पायथ्याला, भातशेतीच्या घरात. मी तेव्हा आठवीत होतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी एकटा भोरहून एसटीनं निघालो. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी. पिशवीत आईनं दिलेल्या करंज्या होत्या, त्या रस्त्यानंच निम्म्या मोडल्या. उतरलो तर दोन्ही बाजूंना भाताची पिवळी खाचरं, आणि बांधावर अक्का डोक्यावर पदर घेऊन उभी. सहा महिन्यांत ती इतकी बदलली होती की मी तिला "अहो" म्हणालो. ते ती अजून चिडवायला वापरते.

त्या घरात एक रीत होती. सगळ्या वेल्हे तालुक्यात आहे असं नाही, त्यांच्याच घरातली. वरच्या अंगाला एक लहानसं खाचर बियाण्यासाठी राखलेलं असे. आंबेमोहोराचं. इतर भात आधी कापून व्हायचा, पण हे खाचर भाऊबीजेपर्यंत उभं ठेवायचं, आणि त्याची पहिली मूठ सुनेच्या भावानं कापायची. ओवाळून झालं की टोपी तशीच ठेवून, कपाळावरचं कुंकू तसंच ठेवून, विळा घेऊन थेट खाचरात. अक्काच्या सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं: घरात सून आली ती माहेराहून आली, मग पुढल्या सालचं बी पण माहेरच्याच हातानं घरात यावं.

मला विळा धरता येत नव्हता. पहिल्या वर्षी करंगळी कापून घेतली. सासूबाईंनी हळद दाबली आणि म्हणाल्या, "कारकुनाचं प्वार हाय, असू द्या. रगत लागलं तर बी गोड येईल." पुढं शिकलो. नोकरी लागली तरी जात राहिलो. मुंबईहून, मग दिल्लीहून. दरवर्षी एक मूठ मी कापायची, पुढचं खाचर अक्का आणि दाजी दुपारपर्यंत संपवायचे. संध्याकाळी झोडायचं, आणि ते धान्य वेगळ्या कणगीत जायचं. शेणानं लिंपलेली, झाकणावर ओल्या मातीचा थर. जेवायला बसलं की आदल्या सालच्या तांदळाचा भात. त्याचा वास असा की ओसरीवर बसलेल्या माणसाला आत पातेल्यावरचं झाकण काढल्याचं कळावं.

वाडीत बाकीच्यांनी हा भात केव्हाच सोडला होता. तो उशिरा येतो, कमी येतो, वाऱ्यानं आडवा होतो. सगळे इंद्रायणी भाताकडं गेले. दाजीही गेले, फक्त ते एक खाचर त्यांनी सोडलं नाही. "खायला घरचा असावा," एवढंच म्हणायचे.

मग खाली धरण झालं. दरवर्षी पाणी थोडं थोडं अलीकडं आलं. शेवटी एका उन्हाळ्यात ठरलं की पुढच्या पावसाळ्याच्या आत घर सोडायचं. सारोळ्याच्या बाजूला, महामार्गापासून थोडं आत, त्यांना जमीन मिळाली होती. अक्काचा फोन आला. "ह्या घरातली ही शेवटची भाऊबीज हाय रं दिनू. तू येच. बी घिऊन जायचंय मला तिकडं. तुझ्या हातची मूठ पडली की मग मी घर आवरायला मोकळी."

"येतो," मी म्हणालो.

तेव्हा मी खरं बोलत होतो. हे एवढं माझ्या बाजूनं.

सणात कामाच्या माणसांची विमानं का काढून टाकतात, हे लोक मला लग्नकार्यात विचारतात. सगळीकडं गर्दी, तिकिटं मिळत नाहीत, आणि तुम्ही विमानं कमी करता? त्यात लपवण्यासारखं काही नाही. दिल्लीहून पुण्याला सकाळी सहाला सुटणारं विमान हे एका ठरावीक माणसाचं असतं. हातात एक बॅग, अंगात इस्त्रीचा शर्ट. सव्वाआठला उतरायचं, दहाची बैठक गाठायची, संध्याकाळच्या विमानानं परत, घरी जेवायला. त्याचं तिकीट त्याचं ऑफिस काढतं, तेही आदल्या दिवशी, पडेल त्या भावानं. दिवाळीत ऑफिस बंद झालं की हा माणूस नाहीसा होतो. तिकीट फुकट वाटलं तरी तो येणार नाही, कारण बैठकच नाही. आणि सणाला घरी जाणाऱ्या माणसाला सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं नसतं. तो पोरंबाळं, फराळाचे डबे घेऊन दोन दिवस आधी जातो आणि सण संपला की येतो. ऐन सणाच्या सकाळी सहाला तो अंगाला उटणं लावून बसलेला असतो. म्हणून दुपारच्या आणि रात्रीच्या विमानांत उभं राहायला जागा नसते, आणि सहाच्या विमानात ओळीच्या ओळी रिकाम्या. मग ते चार-पाच दिवस ते विमान तिथून काढायचं आणि समुद्राकडं नाहीतर डोंगराकडं पाठवायचं, जिथं त्याच दिवसांत माणसं मावत नाहीत. एखादं देखभालीसाठी हँगरमध्ये घालायचं. वैमानिकांना घरी सोडायचं. दिवाळी संपली, ऑफिसं उघडली, की सहाचं विमान पुन्हा आपल्या जागेवर.

यात आयत्या वेळचं काहीच नसतं. आयत्या वेळी विमान रद्द होतं ते धुक्यानं, वादळानं, बिघाडानं. सणातलं रद्द होणं महिनाभर आधी ठरतं, खुर्चीत बसून, चहा पिता पिता.

त्या वर्षीची यादी मी केली. दिल्ली-पुणे सकाळचं, भाऊबीज धरून पाच दिवस, काढलं. ते विमान समुद्राकाठच्या एका शहराला लावलं. कामाच्या दृष्टीनं ते योग्यच होतं, दुसऱ्या कुणी यादी केली असती तरी हेच केलं असतं. सही झाल्यापासून ते बदल विक्रीच्या संगणकात चढेपर्यंत चारेक दिवस जातात. त्या चार दिवसांत शेजारच्या टेबलावरच्या एकानं सहज सुचवलं, "साहेब, तुम्हीच लावलंय, तुम्हीच जा की. कर्मचाऱ्यांच्या जागा आहेत." आणि घरी गेल्यावर मुलीनं त्याच संध्याकाळी विचारलं, बाबा, आपण समुद्र कधी बघणार. ती सातवीत होती. तिनं समुद्र बघितला नव्हता. मुंबईत जन्मली होती, पण कळत्या वयात नाही.

मुलीवर हे ढकलायचं माझ्या मनात नाही. तिनं दर सुट्टीत विचारलं होतं, आणि दर सुट्टीत मी नाही म्हटलं होतं. या वेळी मला स्वतःलाच जायचं होतं. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की बुडणारं घर माझ्यानं बघवलं नसतं. ते कारण मी नंतर तयार केलं. तेव्हा मला एसटीचा, धुळीचा, बांधावरून चालण्याचा, चुलीच्या धुरात बसून "कसं चाललंय" याला उत्तरं देण्याचा कंटाळा आला होता. मला चांगल्या हॉटेलात चार दिवस झोपायचं होतं. एवढंच होतं ते.

आणि तिला सरळ "येत नाही" म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून चौथ्या दिवशी, बदल संगणकात चढायच्या आधी, मी भाऊबीजेच्या सकाळच्या सहाच्या विमानाचं तिकीट काढलं. त्याचा फोटो अक्काच्या मोबाईलवर पाठवला. नाव, तारीख, वेळ, खिडकीची जागा. दाजींनी तो फोटो मार्गासनीच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना दाखवला, हे मला नंतर कळलं. "आमचं पाव्हणं खिडकीला बसून येणार हायती."

बायकोला वाटलं, मी अक्काला रजेचं काहीतरी कारण सांगितलंय. "वन्संना कळवलंत ना?" तिनं बॅग भरताना विचारलं.

"कळवलं."

"वाईट वाटलं असेल त्यांना. पुढच्या वर्षी जाऊ आपण सगळेच."

पुढच्या वर्षी ते घर नसणार आहे हे बायकोला माहीत नव्हतं. तेही मी सांगितलं नव्हतं.

भाऊबीजेला सकाळी आम्ही विमानतळावर होतो. त्याच विमानाला लावलेल्या रांगेत. माझ्या पुढं एका पोराच्या हातात प्लास्टिकची बादली आणि फावडं होतं, वाळूत खेळायचं. मी रांगेतून बाजूला होऊन, खांबाआड उभा राहून फोन केला.

"अक्का, विमान रद्द झालं."

"आत्ता? ऐन वक्ताला?"

"हो."

"दुसरं न्हाई का येखादं?"

"सगळी भरलेली आहेत."

माझ्या डोक्यावर घोषणा चालली होती. ती तिनं ऐकली. "लई गर्दी दिसतीया तिथं. तुला बसाय तरी जागा हाय का?"

"आहे."

"काय खाल्लंस का न्हाई?"

"खाल्लं."

मागून दाजींचा आवाज आला, काय झालं म्हणून. अक्का त्यांना म्हणाली, "त्याची गाडी रद्द झाली." विमान नाही म्हणाली. गाडी म्हणाली.

गाडी आली नाही, हे त्या खोऱ्यात शेवटचं कारण असतं. त्यापुढं कुणी विचारत नाही. तिथं माणसांचं येणं-जाणं वर्षानुवर्षं एका एसटीवर अवलंबून राहिलेलं आहे. गाडी आली नाही म्हणून नवरदेवाचा मामा पोचला नाही, गाडी आली नाही म्हणून माहेरचं माणूस मातीला नव्हतं. सगळ्यांच्या घरात असं एकदा तरी घडून गेलंय, त्यामुळं न आलेल्या माणसाला कुणी बोल लावत नाही. त्याचेही हाल झाले असणार, असंच धरून चालतात. मी भोरचा असल्यामुळं मला हे पक्कं ठाऊक होतं. दुसरं कुठलंही कारण सांगितलं असतं तर अक्कानं दोन प्रश्न जास्त विचारले असते. बायकोचं दुखणं सांगितलं असतं तर ती रोज फोन करत बसली असती. मी तेच कारण निवडलं ज्यावर ती माणसं डोळे मिटून विश्वास ठेवतात.

आणि मग मी एक वाक्य जास्त बोललो. गरज नव्हती. नुसतं "जमणार नाही आता" म्हटलं असतं तरी गोष्ट तिथं संपली असती.

"उद्याचं मिळतंय का बघतो," मी म्हणालो.

"मग आमी खाचराला हात लावत न्हाई," अक्का म्हणाली. "तू ये."

समुद्र चांगला होता. मुलगी पाण्यात पहिल्यांदा शिरली तेव्हा ओरडली तो आवाज मला अजून हवासा वाटतो, आणि त्याच्याबरोबर जे येतं ते नको वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाळूत बसलो असताना फोन वाजला.

"मिळालं का?"

"बघतोय अक्का. अजून नाही."

"हे काय घोंगावतंय रं मागं?"

लाटा होत्या. "विमानं," मी म्हणालो.

"येवढ्या जवळ?"

"हो."

"कानात बोळं घाल बाबा," ती म्हणाली. मग हसून, "काल म्या चंद्राला ओवाळलं. कोर गडामागं जायच्या आत. त्यो बिचारा येळेवर आला. त्याची गाडी काय रद्द होत न्हाई."

भाऊ नसला की बायका चंद्राला ओवाळतात. भाऊ नसला की. मी हसलो, ती हसली. माझ्या पायावरून पाणी आलं आणि पायाखालची वाळू घेऊन गेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा आवाज जरा वेगळा होता. "हितं आभाळ आलंय. हे म्हणत्यात, घिऊ कापून. तू नक्की येतूयस का? सांग, म्हंजी तसं करतो."

तसं करतो. ती मला विचारत होती. माझ्या एका शब्दावर ती दुपार होती. "नाही" म्हटलं असतं तर दोन तासांत खाचर कापून घरात आलं असतं. पण "नाही" म्हटलं तर दोन दिवसांच्या "बघतो"चं काय, हा प्रश्न मला जास्त मोठा वाटला. "उद्या सकाळी येतोच," मी म्हणालो. आणि फोन बंद केला. तिनं ठेवला नाही, मी बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालू केला नाही.

पाऊस त्याच संध्याकाळी आला. दोन दिवस राहिला.

हे मला अक्कानं सांगितलं नाही. चार दिवसांनी फोनवर ती एवढंच म्हणाली, "आता नको येऊस रं, उगं दगदग. सुट्टी वाया घालवू नको." मला सुटल्यासारखं झालं. खरंच झालं. ते मी इथं लिहून ठेवतो.

सांगितलं दाजींनी, दीड वर्षानंतर, सारोळ्याच्या नव्या घराच्या ओट्यावर. त्यांनी ते गंमत म्हणून सांगितलं. "तुमच्या बहिणीनं त्या साली विळा लपवून ठिवला, म्हाईत हाय का? म्या म्हणतोय, अगं आभाळ बघ, काळं झालंय. ही म्हणती, त्यो येतो म्हणलाय. म्या म्हणलं, येईल तवा येईल, आपण दुसरी मूठ कापू, पयली त्याला ठिवू. तर हिनं विळाच पिठाच्या डब्यात घातला. पिठाच्या." ते हसत होते. "मग काय, पडला पाऊस. भात लोळला, खाचरात घोट्याभर पाणी. आठ दिवसांनी बघतोय तर लोंबीला जाग्यावरच हिरवं कोंब. त्याचं बी काय करणार? गाईला घातलं."

"मग बियाणं?" मी विचारलं.

"आता दुकानातली पिशवी," दाजी म्हणाले. "भोरला मिळती की."

अक्का आत होती. तिला ऐकू येत असणार. ती बाहेर येऊन म्हणाली, "त्याला कशाला सांगतासा? त्याची काय चूक? गाडीच न्हाई तर त्यो काय करणार?"

बाकी वाडीत तो भात कुणाकडंच नव्हता हे मी आधी लिहिलं. दाजींनी पुढं दोन-तीन ठिकाणी शोध घेतला. आंबेमोहोर मिळाला, चांगला मिळाला, पण तो त्यांचा नव्हता. अक्का म्हणते, दाणा जरा लांब आहे आणि वास पातेल्यापाशीच राहतो. ओसरीपर्यंत येत नाही. तशी आता ओसरीही नाही. सारोळ्याला ओटा आहे, समोर महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज, मागं नीरेकडची काळी जमीन. दाजी कांदा करतात, ऊस करतात. घरामागं दोन गुंठ्यांत अक्का भात लावते. त्या जमिनीत भाताला काही अर्थ नाही असं शेजारी तिला सांगतात. ती म्हणते, मला पेंढा लागतो.

यंदाच्या दिवाळीला मी गेलो होतो. मी आता दरवर्षी जातो, यादी करायला बसलो की सगळ्यात आधी माझ्या जाण्याची सोय बघतो. तेही शरमेनंच. लोकांना वाटतं बहिणीवर जीव आहे. आहेही. पण मी दरवर्षी जातो तो त्या प्रेमापोटी नाही.

ओवाळून झालं होतं. अक्का अनारसे तळत होती, दाजी ओट्यावर पान लावत होते, मी मध्ये उंबऱ्यात बसलो होतो. दाजींनी विचारलं, "काय पाव्हणं, ह्या दिवसांत यवढी माणसं हलत्यात आणि तुमी इमानं कमी करता म्हणं? पेपरात वाचलं."

मी सांगितलं. सकाळचा माणूस, बैठक, रिकाम्या ओळी, समुद्र, डोंगर. मी हे इतक्या वेळा सांगितलंय की तोंड आपोआप चालतं.

"म्हंजी आमच्या यष्टीवानीच की," दाजी म्हणाले. "शाळंला सुट्टी लागली की शाळंची फेरी बंद. ती गाडी जत्रंला."

"अगदी तेच."

"मग त्यात शिकाय काय लागतंय? यवढं शिकलासा तुमी."

अक्का आतून हसली. मग झाऱ्यातून तेल निथळत असताना तिनं विचारलं, "पर हे ठरवतं कोण रं? कुठलं बंद करायचं ते?"

माझ्या हातात अनारसा होता. तो मी खाली ठेवला. सांगायचं होतं तर याहून सोपी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. तिनंच दार उघडून दिलं होतं. मला एकच शब्द बोलायचा होता, आणि तो एका अक्षराचा होता: मी.

"वरनं ठरतं," मी म्हणालो.

"वरनं म्हंजी? आभाळातनं?" दाजी म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो.

अक्कानं अनारसा ताटात काढला. माझ्याकडं न बघता, जसं कुणा तिऱ्हाइताबद्दल बोलतात तसं म्हणाली, "त्या साली तुझं ज्यानं बंद केलं असंल, त्याला तरी काय ठावं म्हणा. त्याला काय दिसतंय का, हितं कुणाचं खाचर उभं हाय त्ये."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता, तो मी ओळखतो. तिनं त्या माणसाला केव्हाच माफ करून टाकलं होतं, कारण त्याला ठाऊक नव्हतं.

त्याला ठाऊक होतं. त्याला खाचराची जागा ठाऊक होती, बांध ठाऊक होता, कुठल्या कोपऱ्यात पाणी आधी साचतं ते ठाऊक होतं. त्यानं तिथं वीस-बावीस वर्षं दरवर्षी पहिली मूठ कापली होती.

परतीच्या विमानात शेजारी एक तरुण होता. उद्यापासून ऑफिस, म्हणाला, सकाळचं विमान चालू झालं ते बरं झालं, पाच दिवस फार अडचण झाली. मी हं म्हटलं. खाली घाटाच्या पलीकडं पाण्याचे तुकडे चमकत होते. त्यातलं धरण कुठलं ते मला वरून ओळखता येत नाही. नकाशे वाचण्यात माझं नोकरीतलं आयुष्य गेलं, तरी नाही.

मी हे लिहायला बसलो तेव्हा वाटलं, लिहिलं की मोकळा होईन. तसं होत नाही. हे ज्या अंकात छापून येईल तो अक्का घेत नाही, तिच्या घरी तो येत नाही, आणि हे ठाऊक असल्यामुळंच मी इतकं मोकळेपणानं लिहू शकलो. म्हणजे हेही एक खांबाआड उभं राहूनच केलेलं बोलणं झालं. हजार अनोळखी माणसांना सांगायला मला जड गेलं नाही. ज्या एका माणसाला सांगायचं आहे ते सारोळ्याला आहे.

बियाणं मी परत देऊ शकत नाही. त्या जागेवर आता पाणी आहे, तेही मी हटवू शकत नाही. पण अक्काचं मी तीन गोष्टींचं देणं लागतो, तिच्यासमोर बसून सांगायच्या, फोनवर नाही: ते विमान मी रद्द केलं होतं, त्या दिवशी मी समुद्रावर होतो, आणि तिनं विचारलं तेव्हा मला "नाही" म्हणता आलं असतं. त्यानंतर ती जे म्हणेल ते ऐकून घेणं, हेही देणं लागतो. अजून यातलं काहीही दिलेलं नाही.